संगणकाची गती आणि मापनाची विश्वासार्हता : ओव्हरक्लॉकिंग या स्पर्धात्मक छंदाचा परिचय

गोषवारा

संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग होय. अशा संगणकाची कामगिरी ठरावीक चाचणीद्वारे मोजून इतरांच्या निकालांशी तिची तुलना करणे म्हणजे बेंचमार्किंग होय. या दोन क्रियांमधून गेल्या काही दशकांत एक जागतिक स्वरूपाचा स्पर्धात्मक छंद उभा राहिला आहे. प्रस्तुत लेखात या छंदामागील तत्त्व, त्याची वाटचाल आणि त्यातील मापनाचे प्रश्न यांचा परिचय करून दिला आहे. गती वाढविणे हा या छंदाचा दृश्य भाग असला, तरी मिळालेला आकडा खरा आहे हे सिद्ध करणे हाच त्यातील सर्वांत कठीण प्रश्न आहे, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : ओव्हरक्लॉकिंग, बेंचमार्क, वारंवारता, शीतकरण, मापन, पडताळणी

प्रास्ताविक

कोणत्याही यंत्राची क्षमता किती, हा प्रश्न माणसाला नेहमीच पडत आला आहे. मोटार, विमान, घड्याळ या साऱ्यांच्या बाबतीत उत्पादकाने सांगितलेली मर्यादा ओलांडून पाहणारे हौशी लोक प्रत्येक काळात होऊन गेले. वैयक्तिक संगणक घराघरांत पोहोचल्यानंतर हीच वृत्ती संगणकाच्या संदर्भातही दिसू लागली. बाहेरून पाहणाऱ्यास हा छंद काहीसा विचित्र वाटतो. काही मिनिटांच्या चाचणीसाठी तासन् तास तयारी करावयाची, महागडे सुटे भाग जळण्याचा धोका पत्करावयाचा आणि अखेरीस हाती काय, तर एक आकडा. त्या संगणकावर कोणतेही उपयुक्त काम होत नाही आणि चाचणी संपताच तो बंद केला जातो.

मात्र या छंदाकडे केवळ हौस म्हणून पाहिल्यास त्यातील एक महत्त्वाचा भाग नजरेआड होतो. येथे सारी प्रतिष्ठा एका आकड्यावर अवलंबून असते. तो आकडा ज्या यंत्राविषयी आहे, तेच यंत्र तो आकडा देत असते आणि निकाल सादर करणारा स्पर्धक बहुधा आपल्या घरी, पंचांच्या नजरेआड बसलेला असतो. अशा परिस्थितीत मापन विश्वासार्ह कसे ठेवावे, हा प्रश्न विज्ञानाच्या प्रयोगशाळेइतकाच सामाजिक शास्त्रे, वाणिज्य व शिक्षण या क्षेत्रांनाही जवळचा आहे. म्हणूनच या विषयाचा परिचय निरनिराळ्या विद्याशाखांतील अध्यापकांना उपयुक्त ठरावा.

१. संगणकाचे स्पंदन आणि त्याची मर्यादा

प्रोसेसरमधील सर्व क्रिया एका नियमित विद्युत स्पंदनाच्या तालावर चालतात. या स्पंदनाची वारंवारता हर्ट्झ या एककात मोजली जाते. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये एका सेकंदात ३ अब्ज स्पंदने होतात. एका स्पंदनाच्या काळात प्रकाशदेखील केवळ १० सेंटीमीटर अंतर कापू शकतो, यावरून या काळाच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. ही वारंवारता दोन संख्यांच्या गुणाकाराने ठरते. मदरबोर्डवरून मिळणारी मूळ वारंवारता ही पहिली संख्या आणि प्रोसेसरचा गुणक ही दुसरी. मूळ वारंवारता १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ३० असल्यास प्रोसेसर ३,००० मेगाहर्ट्झ म्हणजे ३ गिगाहर्ट्झ गतीने चालतो. या दोहोंपैकी एक किंवा दोन्ही संख्या वाढविणे, हेच ओव्हरक्लॉकिंगचे मूळ सूत्र होय.

उत्पादकाने दिलेली गती ओलांडणे शक्य का होते, याची कारणे उत्पादनप्रक्रियेत आहेत. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर एकाच वेळी शेकडो प्रोसेसर तयार होतात. आराखडा एकच असला, तरी सूक्ष्म फरकांमुळे त्यांपैकी काही अधिक सक्षम, तर काही कमी सक्षम निघतात. चाचणी घेऊन त्यांची प्रतवारी केली जाते आणि निरनिराळ्या गतीचे शिक्के देऊन ते विकले जातात. आंब्याच्या बागेतील फळांची प्रतवारी करून पेट्या भराव्यात, तसाच हा प्रकार आहे. शिवाय, उन्हाळ्यातील उकाडा, कमी प्रतीचा पंखा आणि अनेक वर्षांचा वापर या साऱ्यांतही प्रोसेसर बिनचूक चालला पाहिजे, म्हणून उत्पादक काही गती राखून ठेवतो. कधी बाजारात स्वस्त मालाला अधिक मागणी असते, तेव्हा उत्तम प्रतीचे नगही कमी गतीच्या शिक्क्याने विकले जातात. ही राखून ठेवलेली क्षमता शोधून काढणे, हा या छंदाचा आरंभबिंदू होय.

२. छंदाची वाटचाल

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातील प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ गतीने चालत असे. १९८४ मध्ये आयबीएमचे ६ मेगाहर्ट्झ गतीचे पुढील प्रारूप आले, तेव्हा काही जाणकारांनी त्यातील क्वार्ट्झचा स्फटिक काढून अधिक वारंवारतेचा स्फटिक बसविण्यास आरंभ केला. त्याची किंमत अत्यल्प होती आणि संगणकाची गती मात्र लक्षणीय प्रमाणात वाढत असे. पुढे कंपनीने संगणक सुरू होतानाच गती तपासणारी योजना करून या प्रकारास अटकाव केला. उत्पादक आणि हौशी यांच्यातील ही ओढाताण तेव्हापासून सुरू आहे.

या छंदास व्यापक लोकप्रियता लाभली ती १९९८ मध्ये. त्या वर्षी इंटेल कंपनीने सेलेरॉन ३०० ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा गुणक ४.५ असा कायमचा बंद केलेला होता आणि मूळ वारंवारता ६६ मेगाहर्ट्झ होती. मदरबोर्डवर मूळ वारंवारता ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ निवडली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झ गतीने चालू लागे. त्यातील बहुसंख्य नग ही दीडपट वाढ सहज पेलत. कंपनीचा ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ हा त्या वेळचा उच्च दर्जाचा प्रोसेसर याच्या कित्येक पट किमतीचा होता. कमी खर्चात अधिक गती मिळू लागल्याने विद्यार्थी आणि तरुण अभियंते या छंदाकडे मोठ्या संख्येने वळले.

याच काळातील दुसरी एक बाब येथे नोंदविणे आवश्यक आहे. काही व्यापारी कमी गतीच्या प्रोसेसरवरील शिक्का खोडून त्यावर अधिक गतीचा शिक्का मारीत आणि तो चढ्या भावाने विकीत. प्रोसेसरचा गुणक बंद करण्यामागे ही फसवणूक रोखणे हेही एक कारण होते. तांत्रिकदृष्ट्या हौशी माणूस आणि हा व्यापारी एकच क्रिया करीत होते. हौशी माणूस आपण काय केले ते जाहीर सांगत असे, तर व्यापारी ते लपवीत असे. या छंदाची संपूर्ण नीती या एका भेदावर उभी आहे.

३. उष्णता, विद्युतदाब आणि शीतकरण

गती वाढविण्यातील मुख्य अडथळा उष्णतेचा असतो. प्रोसेसरमध्ये क्रिया घडताना खर्च होणारी विद्युतशक्ती ही वारंवारतेच्या समप्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या समप्रमाणात बदलते. अधिक गतीने स्थिर चालण्यासाठी बहुधा विद्युतदाबही वाढवावा लागतो. वारंवारता २० टक्क्यांनी आणि विद्युतदाब १० टक्क्यांनी वाढविल्यास शक्तीचा खर्च १.२ गुणिले १.२१, म्हणजेच सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतो. ही सर्व शक्ती अखेर उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. तापमान वाढले की ट्रान्झिस्टरमधून होणारी विद्युतप्रवाहाची गळतीही वाढते, त्यामुळे आणखी उष्णता निर्माण होते आणि शेवटी गणनेत चुका होऊ लागतात.

म्हणून स्पर्धात्मक ओव्हरक्लॉकिंग हे मुख्यतः शीतकरणाचे शास्त्र बनले. पंखा आणि पाणी यांच्या साहाय्याने प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली नेता येत नाही. त्यापुढील पायरी म्हणजे उणे ७८ अंश सेल्सिअस तापमानाचा शुष्क बर्फ, त्यानंतर उणे १९६ अंशांवर उकळणारा द्रवरूप नायट्रोजन आणि अगदी क्वचित उणे २६९ अंशांवर उकळणारा द्रवरूप हेलियम. ग्रामीण महाराष्ट्रातील पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनासाठीच्या वीर्यमात्रा ज्या द्रवात साठविल्या जातात, तोच हा द्रवरूप नायट्रोजन होय.

प्रोसेसरवर तांब्याचे एक उभे भांडे घट्ट बसवितात आणि त्यात हा द्रव थोडा थोडा ओतत राहतात. आसपासच्या हवेतील बाष्प गोठून मदरबोर्डवर पाणी साचू नये, यासाठी व्हॅसलीन, मऊ खोडरबराचा लगदा किंवा फोम यांचा थर दिला जातो. काही प्रोसेसर एका ठरावीक तापमानाखाली गेल्यास कामच थांबवितात. अशा वेळी ज्या भांड्यात नायट्रोजन ओतला, त्याच भांड्याला गॅसच्या ज्योतीने ऊब द्यावी लागते. स्पर्धकाचे एक लक्ष तापमापकावर आणि दुसरे संगणकाच्या पडद्यावर असते. द्रवरूप नायट्रोजनचे वायूत रूपांतर होताना त्याचे आकारमान सुमारे ७०० पट होते. त्यामुळे बंद खोलीतील प्राणवायूचे प्रमाण घटून जीवास धोका उद्भवू शकतो. हवा खेळती असणे ही या प्रयोगाची पहिली अट होय.

या मार्गाने गाठलेले टप्पे लक्षणीय आहेत. २००३ च्या अखेरीस द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने पेंटियम ४ प्रोसेसरवर ५ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला गेला. २०११ मध्ये एएमडी कंपनीच्या एफएक्स ८१५० या प्रोसेसरने द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने ८.४२९ गिगाहर्ट्झ वारंवारता गाठली आणि त्याची नोंद गिनेस विश्वविक्रमांत झाली. २०१४ मध्ये त्याच मालिकेतील एफएक्स ८३७० ने ८.७२२ गिगाहर्ट्झपर्यंत मजल मारली. डिसेंबर २०२२ मध्ये इंटेलच्या कोअर आय ९-१३९०० के या प्रोसेसरवर ९ गिगाहर्ट्झची मर्यादा प्रथमच ओलांडली गेली.

४. बेंचमार्क : गती मोजण्याची रीत

वारंवारता म्हणजे प्रत्यक्ष कामाचा वेग नव्हे. एका स्पंदनात किती काम होते, यावर खरा वेग अवलंबून असतो. लांब टांगा टाकणारा माणूस कमी पावलांत पुढे जातो, तसेच हे आहे. एफएक्स मालिकेकडे वारंवारतेचा विक्रम कित्येक वर्षे राहिला, पण एकाच गाभ्यावर चालणाऱ्या गणनेच्या स्पर्धांत त्याहून कमी वारंवारतेचे इंटेलचे प्रोसेसर पुढे होते. शिवाय, २०११ चा विक्रम करताना त्या प्रोसेसरच्या आठ गाभ्यांपैकी केवळ दोन गाभे चालू ठेवले होते. म्हणून केवळ वारंवारता न पाहता ठरावीक काम देऊन त्यास लागणारा वेळ मोजण्याची पद्धत रूढ झाली. अशा ठरावीक कामास बेंचमार्क म्हणतात.

या छंदातील सर्वांत परिचित बेंचमार्क म्हणजे सुपर पाय. १९९५ मध्ये टोकियो विद्यापीठातील यासुमासा कानाडा यांच्या गटाने महासंगणकावर पाय या गणिती स्थिरांकाची ४ अब्जांहून अधिक दशांश स्थळे काढली. त्यासाठी लिहिलेल्या प्रणालीची वैयक्तिक संगणकासाठीची आवृत्ती म्हणजे सुपर पाय. तीत प्रामुख्याने १० लाख किंवा ३ कोटी २० लाख स्थळांपर्यंत पायची किंमत काढण्यास किती वेळ लागतो, ते पाहिले जाते. पायची किंमत ठाऊक असल्याने गणनेतील चूक लगेच उघड होते, हा या चाचणीचा मोठा गुण होय. अतिवेगाने चालणारा प्रोसेसर एखाद्या ठिकाणी चुकला की चाचणी तेथेच बंद पडते. त्रिमितीय चित्रणासाठी फिनलंडमधील फ्यूचरमार्क कंपनीची थ्रीडीमार्क ही मालिका आणि चित्रनिर्मितीच्या गणनेसाठी सिनेबेंच हे बेंचमार्कही या स्पर्धांत रूढ झाले.

५. मापच साध्य झाले तर

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले. एखादा सांख्यिकीय संबंध नियंत्रणासाठी वापरू लागताच तो ढासळतो, असा त्याचा आशय होता. १९९७ मध्ये मानवशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅथर्न यांनी ब्रिटिश विद्यापीठांच्या मूल्यांकनाची चर्चा करताना तो विचार अधिक सोप्या शब्दांत मांडला. माप हेच साध्य बनले की ते चांगले माप राहत नाही, हा त्याचा सारांश. बेंचमार्कचा इतिहास म्हणजे या निरीक्षणाचे एक स्पष्ट उदाहरण होय.

२००३ मध्ये थ्रीडीमार्क ०३ या चाचणीबाबत एक वाद उद्भवला. त्या चाचणीतील दृश्ये ठरावीक मार्गाने फिरणाऱ्या कॅमेऱ्यातून दिसत. एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाबरोबर येणारी चालक प्रणाली ही चाचणी ओळखत असे आणि कॅमेरा कोठे वळणार हे आधीच ठाऊक असल्याने दृश्याचा न दिसणारा भाग रेखाटण्याचे टाळीत असे. कॅमेरा नेहमीच्या मार्गावरून बाजूला नेला, तेव्हा आकाशाचा भाग अर्धवट रेखाटलेला आढळला. परीक्षेत येणारे प्रश्न आधीच कळावेत आणि तेवढीच उत्तरे पाठ करून विद्यार्थ्याने पहिला वर्ग मिळवावा, तसाच हा प्रकार होता. फ्यूचरमार्कने मे २००३ मध्ये चाचणीची सुधारित आवृत्ती काढल्यावर संबंधित कार्डाचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी उतरले. प्रतिस्पर्धी एटीआय कंपनीच्या कार्डाचे गुणही सुमारे २ टक्क्यांनी घटले. पुढे जून महिन्यात फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांनी संयुक्त निवेदन काढले आणि त्यात या कृतीस फसवणूक न म्हणता विशिष्ट प्रणालीपुरती केलेली सुधारणा असे म्हटले गेले.

हा प्रश्न केवळ छंदापुरता वा जुन्या काळापुरता मर्यादित नाही. संगणकांच्या कामगिरीची प्रमाणित चाचणी तयार करणाऱ्या स्पेक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २०२४ मध्ये इंटेल प्रोसेसरांचे २,६०० हून अधिक प्रकाशित निकाल अग्राह्य ठरविले. इंटेलच्या कंपायलरमध्ये असलेली एक सुधारणा त्या चाचणीतील एका विशिष्ट भागासाठीच लागू पडते, इतर कामांत तिचा उपयोग मर्यादित आहे, असा संस्थेचा आक्षेप होता. कार्यालये आणि संशोधन संस्था मोठी खरेदी करताना अशा निकालांचा आधार घेतात, ही बाब लक्षात घेतली म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते.

६. घड्याळच चुकले तेव्हा

वरील उदाहरणांत चूक चाचणीच्या कामात होती. २०१३ मध्ये आढळलेली चूक मात्र प्रत्यक्ष वेळेच्या मापनात होती आणि त्यामागे कोणाचाही हेतू नव्हता. ओव्हरक्लॉकिंगच्या निकालांची जागतिक क्रमवारी ठेवणाऱ्या एचडब्ल्यूबॉट या व्यवस्थेने ऑगस्ट २०१३ मध्ये विंडोज ८ या प्रणालीवर नोंदविलेले निकाल अग्राह्य ठरविले. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

संगणकात वेळ मोजण्याची एकाहून अधिक साधने असतात. एक म्हणजे मदरबोर्डवरील स्वतंत्र क्वार्ट्झचा स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा स्पंदन पावतो आणि प्रोसेसरची गती बदलली तरी त्यावर परिणाम होत नाही. दुसरे साधन म्हणजे प्रोसेसरच्या मूळ वारंवारतेवर आधारित गणक. हा गणक अधिक सूक्ष्म असतो, परंतु मूळ वारंवारता बदलली की त्याची चालही बदलते. विंडोज ८ मध्ये संगणक सुरू होताना या गणकाचा हिशेब एकदा जुळविला जाई आणि पुढे तोच खरा मानला जाई.

आता समजा, संगणक सुरू झाल्यावर स्पर्धकाने मूळ वारंवारता ६ टक्क्यांनी कमी केली. गणक मंदावला, पण प्रणालीस ते ठाऊक नाही. बाहेर ३०० सेकंद उलटले, तरी संगणकाच्या घड्याळात सुमारे २८२ सेकंदच भरतात. त्याच वेळी गुणक वाढवून प्रोसेसरची प्रत्यक्ष गती पूर्ववत ठेवली, तर काम पूर्वीच्याच वेगाने होते, वेळ मात्र ६ टक्क्यांनी कमी लागल्याचे दिसते. जेथे एक टक्क्याच्या अंशाने क्रमांक ठरतात, तेथे ही तफावत प्रचंड म्हटली पाहिजे. ज्या गजाने कापड मोजावयाचे तो गजच आखडला, तर दुकानदार कितीही प्रामाणिक असला तरी माप खोटेच भरणार.

या निर्णयाची झळ प्रामाणिक स्पर्धकांनाही बसली. त्यांनी वेळेत कोणताही फेरफार केला नव्हता, परंतु केला नाही हे सिद्ध करण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. नोंदलेल्या निकालावरून खरे आणि खोटे वेगळे करता येत नाही, एवढे स्पष्ट झाल्यावर सर्वच निकाल बाजूला ठेवणे भाग होते. व्यक्तीवरील अन्याय आणि मापनाची शुद्धता यांच्यात निवड करण्याची ती वेळ होती. व्यवस्थेने दुसऱ्या बाजूची निवड केली.

७. पडताळणीची व्यवस्था

अशा अनुभवांतून या छंदाने पडताळणीची एक पद्धत विकसित केली. प्रोसेसरची ओळख व वारंवारता नोंदविणाऱ्या सीपीयू-झेड या प्रणालीची पडताळणी-नोंद निकालासोबत जोडावी लागते. पडद्याचे चित्र सादर करावे लागते आणि त्यात चाचणीची आवृत्ती, प्रोसेसर व मेमरी यांची माहिती दिसावी लागते. वरच्या क्रमांकाच्या निकालांसाठी प्रत्यक्ष मांडणीचे छायाचित्र मागितले जाते. सुपर पायच्या सुधारित आवृत्तीत वेळ मिलिसेकंदांपर्यंत दाखविला जातो आणि निकालासोबत एक पडताळणी-अंक दिला जातो. पुढील काळात बेंचमेट ही प्रणाली वापरात आली. ती निरनिराळ्या कालमापकांची एकमेकांशी तुलना करून वेळेतील फेरफार ओळखते. मोठ्या स्पर्धा पंचांच्या आणि प्रेक्षकांच्या समोर घेतल्या जातात. तैवानमधील संगणक उद्योगाने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशा स्पर्धांना आश्रय दिला.

कौशल्य कोठे संपते आणि फसवणूक कोठे सुरू होते, याचे उत्तर मात्र सर्वत्र एकच नाही. चित्रणातील सूक्ष्म तपशील वाढविणारी टेसेलेशन ही क्रिया बंद केल्यास काही चाचण्यांत गुण वाढतात. एचडब्ल्यूबॉटच्या क्रमवारीत असे करण्यास मुभा देण्यात आली, तर फ्यूचरमार्कच्या स्वतःच्या मानाच्या यादीत ती नाकारण्यात आली. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य मानता येतात. नियम आधी जाहीर असणे आणि तो सर्वांस सारखाच लागू असणे, हे महत्त्वाचे. दोन वेगळ्या नियमांखाली मिळालेल्या आकड्यांची तुलना करणे मात्र निरर्थक होय.

८. बदललेली परिस्थिती

ओव्हरक्लॉकिंगचा व्यावहारिक लाभ आता पुष्कळ घटला आहे. वारंवारता वाढवीत नेण्याचा उत्पादकांचा मार्ग २००४ च्या सुमारास उष्णतेच्या भिंतीवर येऊन थांबला. इंटेलने त्या वर्षी ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडून दिला आणि पुढे एका प्रोसेसरमध्ये अनेक गाभे देण्याची पद्धत रूढ झाली. २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये तापमान व विद्युतदाब पाहून गती आपोआप वाढविणारी टर्बो बूस्ट योजना आली आणि एएमडीनेही तशीच योजना केली. पूर्वी हौशी माणूस जी राखीव क्षमता शोधून काढीत असे, ती आता कारखान्यातूनच वापरात येते. सेलेरॉन ३०० ए सारखी दीडपट वाढ साध्या पंख्यावर मिळण्याचे दिवस राहिले नाहीत.

मर्यादेच्या इतक्या जवळ जाण्यास किंमतही असते. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांत अस्थिरतेच्या तक्रारी आल्या. गरजेपेक्षा अधिक विद्युतदाबामुळे प्रोसेसरची झीज होत असल्याचे कंपनीने मान्य केले, दुरुस्तीची सूक्ष्म प्रणाली दिली आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढविला. अधिक विद्युतदाबाने सिलिकॉनचे आयुष्य घटते, हे ओव्हरक्लॉकिंग करणारे अनुभवाने जाणत होते. फरक इतकाच की, हौशी स्पर्धक तो धोका समजून उमजून आणि स्वखर्चाने पत्करतो, तर सामान्य ग्राहकास त्याची कल्पनाही नसते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. ओव्हरक्लॉकिंग हा यंत्राच्या राखीव क्षमतेचा शोध आहे आणि त्याचा पाया भौतिकशास्त्राच्या साध्या नियमांवर आहे. बेंचमार्किंग हे त्या शोधाचे मापन आहे. ते मापन तीन प्रकारे फसते, असे इतिहासावरून दिसते. दिलेले काम आधीच ठाऊक असल्याने ते टाळले जाते, मोजण्याचे साधनच मोजल्या जाणाऱ्या वस्तूवर अवलंबून राहते किंवा निरनिराळ्या अटींखाली मिळालेले आकडे एकाच रांगेत मांडले जातात. त्यावरील उपायही या छंदानेच दाखवून दिले आहेत. ते म्हणजे स्वतंत्र मापक, आधी जाहीर केलेले नियम, अटींची संपूर्ण नोंद, इतरांना करता येईल अशी पडताळणी आणि चूक आढळल्यास विक्रम मागे घेण्याची तयारी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने आणलेल्या शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाचा अनुभव घेतलेल्या अध्यापकवर्गास, माप हेच साध्य झाल्यावर काय होते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. तेथेही गुणांची बेरीज वाढविणे आणि अध्यापन वा संशोधन उंचावणे या दोन भिन्न गोष्टी ठरू शकतात. ज्या छंदात हाती एक आकडाच उरतो, त्या छंदातील लोकांनी तो आकडा खरा राखण्यासाठी आपलेच विक्रम खोडले, ही गोष्ट म्हणूनच विचार करण्याजोगी आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जुना संगणक घेऊन, एका वेळी एकच घटक बदलून, तीच चाचणी अनेकदा घेऊन आणि वेळ स्वतंत्र घड्याळावर ताडून पाहण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येईल. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजनची गरज नाही. संगणकाच्या गतीबरोबरच कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, हे विद्यार्थी त्यातून शिकतील आणि हे शिक्षण सर्वच विद्याशाखांना आवश्यक आहे.